डबा वाजला की मासे येतात

“मासे तुम्ही मारलेत, साहेब. उपाशी ठेवून मारलेत. आणि आळ घातलात माझ्या मामावर!”

हे तिनं सुनावलं ते एका बंद काचेच्या दाराला. दाराला आतून पडदा होता, बाहेर पितळी पाटी होती आणि पाटीखाली स्टुलावर शिपाई बसला होता. मत्स्यखात्याच्या त्या लांबलचक बोळात तिचा आवाज असा घुमला, की दोन खोल्यांतले कारकून चहाचे कप हातात घेऊनच दारात आले. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

“बाई, जरा हळू,” शिपाई म्हणाला. “साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

“कुणाबरोबर?”

शिपाई सरळ माणूस होता. त्यानं दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, “एकटेच आहेत.”

कारकून फिसकन हसले. तिला हसू आलं नाही. तिच्या हातात काचेची बरणी होती आणि त्या बरणीत जे होतं ते पाहिलं असतं तर कारकुनांचाही चहा घशात अडकला असता.

दार उघडलं. साहेब बाहेर आले. अंगाला चुरगळलेलं काही म्हणून नाही, ना कपडा ना चेहरा. साहेब कधी ओरडत नसत. ओरडायची वेळ दुसऱ्यांवर येते, असा त्यांचा अनुभव होता.

“मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो.”

“भावना नाहीत या. आतडी आहेत.” तिनं बरणी त्यांच्या नाकासमोर धरली. “तुमचं खाद्य खाल्लेल्या माशाची. सुजलीत बघा कशी.”

साहेब अर्धं पाऊल मागे सरकले. “परवा आम्ही तलावावर पाहणीला येतोच आहोत. तुमच्या मामांच्या परवान्याचं काय करायचं ते तिथंच ठरेल. काय बोलायचं ते तिथं बोला.” आणि तिला वळसा घालून, बरणीला अंग लागू न देता, ते निघून गेले.

तिला सगळे वाटाणा म्हणत. हे नाव मामानं ठेवलेलं. आई लवकर गेली तेव्हा मामानं तिला आपल्या घरी आणलं, वाढवलं, शिकवलं. शिकून ती मत्स्यखात्याच्या खाद्य-प्रयोगशाळेत लागली आणि पहिल्या सुट्टीत घरी आली तीच एका पिशवीत वाटाण्याचं पिवळट पीठ घेऊन. म्हणाली, “मामा, यातलं प्रोटीन काढून मी तुझ्या माशांना घालणार.” मामा पोट धरून हसला. “अगं, शिकारी जात आहे ती! वाघाला काय वाटाण्याची उसळ घालशील?” त्या दिवसापासून ती वाटाणा. प्रयोगशाळेतही ते नाव पोचलं. कुणी पोचवलं ते मामालाच ठाऊक.

पण त्या पिठामागे एक राग होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

नोकरीच्या सुरुवातीला तिला खाद्याच्या कारखान्यात पाठवलं होतं. तिथल्या अंगणात सुकवलेल्या मासळीचा ढीग होता. बोटाएवढे मासे. नखाएवढेही. डोळे तसेच उघडे. समुद्राच्या तळातून बारीक जाळ्यांनी खरवडून आणलेले, अजून वाढायचे होते असे. फावड्यानं उचलून ते चक्कीत टाकत होते आणि पलीकडून तपकिरी पूड बाहेर पडत होती. हीच मासळी किनाऱ्यावरच्या माणसांच्या ताटात पडायची. आता ती पूड होऊन पिंजऱ्यातल्या माशांच्या पोटात जात होती, आणि ते मासे ज्यांच्या ताटात जात होते त्यांना किनारा फक्त सुट्टीत दिसत होता. एक मासा मोठा करायला समुद्रातली शेकडो पिल्लं दळायची, याला मासे वाढवणं म्हणायचं की संपवणं? तिनं हे तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं होतं. तो म्हणाला, “बाई, चक्कीच्या जवळ उभ्या राहू नका, कपड्यांचा वास जात नाही.” वास खरंच गेला नाही.

मग ती हट्टाला पेटली. सोयाबीनची पेंड आणि वाटाण्याचं प्रोटीन यांवर शिकारी मासा जगवायचा. हे वाटतं तितकं सोपं नाही. शिकारी माशाचं आतडं आखूड. त्याला कोरडी पेंड घालणं म्हणजे तान्ह्या पोराला फुटाणे चारणं. पेंडीत काही गोष्टी अशा असतात की त्या माशाच्या आतड्याला झोंबतात. म्हणून तिनं पेंड आंबवायला घेतली, तिचा उग्रपणा मरेपर्यंत. वाटाण्याचं प्रोटीन त्यात घातलं. आणि मासळीची पूड अगदी चिमूटभर ठेवली, वासापुरती. कारण मासा डोळ्यांनी आधी खातो, नाकानं नंतर, आणि नाकाला पटलं नाही तर तोंडातलं थुंकतो. शिवाय जुनं खाद्य एकदम तोडायचं नाही. आधी जुन्यात थोडं नवं, मग निम्मं निम्मं, मग नवं जास्त. माशाला कळूही नये अशा बेतानं.

प्रयोगशाळेच्या टाक्यांत हे जमलं. मासे धष्टपुष्ट झाले. पहिली पिशवी ती मामाकडे घेऊन गेली. मामानं एक दाणा उचलला, सरळ तोंडात टाकला, चघळला आणि गंभीरपणे म्हणाला, “मीठ कमी आहे.” मग वळून मामीला म्हणाला, “पण तुझ्या आमटीपेक्षा बरं.” मामीनं उलथणं उगारलं. त्या घरात इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग साहेबांनी ते खाद्य उचलून धरलं. उचलून धरलं म्हणजे हातातून काढून घेतलं.

त्यांच्या खोलीतली ती बैठक तिला आजही शब्द न शब्द आठवते. साहेब होते आणि त्यांचा सहायक होता, ज्याला सगळं खातं पाठीमागे होयबा म्हणे. साहेब बोलायचे आणि होयबाची मान हलायची. कधी कधी मान आधी हलायची आणि साहेब नंतर बोलायचे.

“ही मासळीची पूड चिमूटभर का ठेवलीय?” साहेबांनी विचारलं.

“वासासाठी. ती काढली तर मासा दाणा तोंडात घेईल आणि टाकून देईल.”

“पण मग फलकावर काय लिहायचं, मॅडम? ‘बहुतांश वनस्पतिजन्य’? कोण वाचेल ते?”

“कोण वाचेल!” होयबा म्हणाला.

“शंभर टक्के म्हटलं की कसं, डोळ्यांत भरतं.”

“साहेब, ते डोळ्यांत भरेल, माशाच्या पोटात नाही. आज नाही जमणार. आणखी वर्षभर काम करू द्या, पूड काढायचा रस्ता मी शोधते.”

“जरा पॉझिटिव्ह विचार करा,” साहेब हसून म्हणाले. “ठीक आहे. बघू.”

तिला वाटलं, ‘बघू’ म्हणजे विषय मिटला. तिथंच ती फसली.

उद्‌घाटन तलावावर झालं, मामाच्या पिंजऱ्यांवर. पाण्यावर पिंपं तरंगत ठेवून त्यांना जाळी बांधलेले मामाचे पिंजरे. काठापासून तिथवर जायला लाकडी फळ्यांची अरुंद वाट. काठावर भलामोठा फलक: ‘शिकारी मासा झाला शाकाहारी! शंभर टक्के वनस्पतिजन्य खाद्य.’ वाटाणानं तो वाचला आणि मनात म्हणाली, लिहू देत, मासे काही फलक खात नाहीत. आत दाण्यांत तिचीच कृती असणार, याबद्दल तिला शंकासुद्धा आली नाही.

मामा इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा होता. हातात त्याचा डबा. बिस्किटांचा जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आणि त्यावर वाजवायला मोडका चमचा. मामाची ही रीत तलावावर सगळ्यांना माहीत होती. खाणं टाकायच्या आधी तो डबा वाजवायचा: टण टण, जरा थांबून, टण. मासे बोटाएवढे होते तेव्हापासून त्यांना हा आवाज ठाऊक. नुसती भेट घ्यावीशी वाटली तरी मामा डबा वाजवायचा. मासे वर यायचे, तो त्यांच्याकडे बघायचा, दोन दाणे टाकायचा आणि घरी जायचा. मामी म्हणायची, “मला मेलीला कधी अशी हाक मारली नाही.”

त्या दिवशी मामानं डबा वाजवला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. मासे एकमेकांवर उड्या मारत वर आले. साहेबांनी रुमालानं हात पुसून मूठभर दाणे फेकले. टाळ्या. होयबानं फोनवर चित्रण केलं आणि ओरडला, “तुटून पडलेत, साहेब, तुटून पडलेत!” साहेबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की माशांनी नवं खाद्य चवीनं स्वीकारलं आहे.

कॅमेरा वरून होता. थुंकणं खाली चाललं होतं.

आणि जाताना होयबा मामाला बजावून गेला: या पिंजऱ्यांना आता फक्त खात्याचं खाद्य. दुसरं काही घातलं तर प्रयोग बिघडेल आणि परवाना जाईल.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. “वाटाण्या, हे थुंकतायत गं.”

“सवय होईल, मामा. बेतानं घालतोयस ना, जुन्यात मिसळून?”

“मिसळू कुठलं? जुनं सगळं उचलून नेलं त्यांनी.”

तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण स्वतःच्या खाद्यावर जीव जडलेला असतो; लेकरू दुसऱ्याच्या घरी रडतंय म्हटलं तरी आई म्हणते, रमेल. “दे थोडे दिवस,” ती म्हणाली. “चांगलं खाद्य आहे. खातील.”

“तू म्हणतेस तर,” मामा म्हणाला.

त्या तीन शब्दांवर मामा राहिला. रोज डबा वाजवत राहिला. मासे रोज येत राहिले, रोज तोंडात घेत राहिले, रोज टाकत राहिले. काहींनी भुकेपोटी गिळलं. त्यांचं पोट बिघडलं. मग माशांची डोकी मोठी दिसू लागली. डोकी वाढली नव्हती. अंगं चिमली होती. मग सकाळी जाळीच्या कडेला पांढरी पोटं तरंगू लागली. मामा ती हातानं वेचायचा. घमेल्यात टाकताना आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवायचा. हे मामीनं फोनवर सांगितलं, आणि वाटाणा पुढची गाडी पकडून आली.

आल्या आल्या तिनं एक मासा चिरला. आतडं लाल, सुजलेलं, आत पेंडीचा लगदा. मग तिनं एक दाणा चिमटीत चुरडला आणि हुंगला. तिच्या खाद्याला एक आंबूस वास यायचा, मागून मासळीचा. याला वास येत होता भिजलेल्या पुठ्ठ्याचा.

ती तडक कारखान्यात गेली. व्यवस्थापक तोच, चक्कीजवळ उभं राहू नका म्हणणारा.

“पेंड आंबवली नाहीस?”

“आंबवायला दिवस जातात, बाई. फलक रंगवून झाला होता.”

“आणि पूड?”

“वरून सांगितलं काढा, काढली. पत्रकार विचारतील म्हणाले.”

“तुला माहीत नव्हतं काय होईल?”

“माहीत होतं ना!” तो चिडून म्हणाला. “मला विचारलं कुणी? तुम्हाला तरी विचारलं?”

तिनं हातातला दाणा त्याच्यासमोर धरला. “हे साहेबांच्या तोंडावर सांगशील?”

त्यानं मशीनचा खटका दाबला. दाणे खडखड पडायला लागले आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याला तेच हवं होतं.

खात्यानं चौकशी केली. चौकशी म्हणजे होयबाच्या फोनवरचं ते चित्रण सगळ्यांनी मिळून पाहिलं. मासे तुटून पडताहेत, हे स्पष्ट दिसत होतं. म्हणजे खाद्य उत्तम. मग मासे मेले कशानं? खाऊ घालणाऱ्याच्या हलगर्जीपणानं. परवाना रद्द का करू नये? तलावावरचे बाकीचे पिंजरेवाले दबकत यायचे, मामाचं सांत्वन करायचे आणि जाता जाता म्हणायचे, “शाकाहारी मासा! ऐकलंय कधी? मासळीची पूड ती मासळीची पूड.” हेही वाटाणाच्या जिव्हारी लागायचं. म्हणजे मामाचे पिंजरेही गेले, आणि चक्कीतली ती बोटाएवढी पिल्लंही सुटली नाहीत. एका फलकापायी दोन्ही.

खात्याच्या बोळातला तो तमाशा करून ती परत आली तेव्हा संध्याकाळ होती आणि मामा ओसरीत बसून डब्याचे पोचे आतून लाकडानं ठोकून काढत होता.

“परवा पाहणी आहे,” ती म्हणाली. “मी सगळं सांगणार.”

मामानं मान वर केली नाही. “तू काही बोलायचं नाहीस. मी बोलणार आहे.”

“काय?”

“की माझी चूक झाली.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मामी आतून कडाडली, “सांग तिला! सांग की तो हलकट येऊन काय बोलून गेला! दुपारपासून तोंडात गुळणी धरून बसलाय हा. माशांशी बोलता येतं याला, माणसांशी नाही.”

दुपारी होयबा येऊन गेला होता. पायातले बूटही न काढता आत आला होता. म्हणाला, मामांनी चूक कबूल केली तर खाद्यावर डाग राहणार नाही. मग ते सगळ्या तलावांवर जाईल, आणि वर भाचीचं नाव लागेल. नाही कबूल केली, तर खाद्यच वाईट ठरेल. मग खाद्य करणारी कशी राहील नोकरीत?

“मी म्हातारा माणूस,” मामा म्हणाला. “माझे पिंजरे गेले तर गेले. तुझं काम उभं राहतंय.”

“ते माझं काम नाही!” ती एवढ्या जोरात ओरडली की मामाच्या हातातून लाकूड पडलं. “तो पुठ्ठा आहे, मामा! पुठ्ठ्यावर माझं नाव लावून ते प्रत्येक तलावावर पाठवणार. प्रत्येक तलावावर एक मामा असेल, रोज सकाळी पांढरी पोटं वेचणारा. आणि तू त्यावर अंगठा उठवणार? माझ्यासाठी? मी मागितलं होतं का तुझ्याकडे असलं काही?”

“तुला वाढवताना तरी कुठं मागितलं होतंस,” मामा हळूच म्हणाला.

ती उठून अंगणात गेली आणि नळ सोडून तोंड धूत राहिली, बराच वेळ. मामी मागून आली, टॉवेल दिला. “रड. पण परवा रडू नकोस. त्या लोकांना रडणाऱ्या बायका फार आवडतात. लगेच पाणी मागवतात.”

पाहणीला साहेब आले, होयबा आला, काठावर बाकीचे पिंजरेवाले जमले. फळ्यांच्या वाटेनं चौघं पिंजऱ्यापर्यंत गेले: पुढे मामा, मग साहेब, मग फोन उगारलेला होयबा, शेवटी वाटाणा. पाणी स्थिर होतं. खाली कुठं तरी उरलेले मासे होते.

“तर मामा,” साहेब मऊ आवाजात म्हणाले, “तुम्हाला काही सांगायचंय, असं कळलं.”

मामानं घसा साफ केला. “साहेब, माझी...”

वाटाणानं पुढे होऊन त्याच्या हातातला डबा हिसकावला. काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. “त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत, साहेब? हेच ना?” आणि तिनं चमच्यानं डबा बडवायला सुरुवात केली. टणाटणा टणाटणा, रागानं, हात दुखेपर्यंत.

पाण्यावर एक बुडबुडासुद्धा आला नाही.

होयबा खो खो हसला. “मॅडम, मासेसुद्धा तुमचं ऐकेनात!” काठावरही कुणीतरी हसलं. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वाटाणाचे कान पेटले.

आणि मग मामानं, ज्यानं कधी कुणाला चढ्या आवाजात उत्तर दिलं नव्हतं, होयबाकडे असं पाहिलं की त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. मामाला त्याच्यावर हसलेलं चालायचं. पोरीवर हसलेलं चालायचं नाही.

“दे इकडं,” तो म्हणाला. “असा नाही वाजवत.”

टण टण. जरा थांबून, टण.

पाणी हललं. खालून सावल्या वर आल्या. चिमलेल्या अंगांचे, मोठ्या डोक्यांचे मासे, होते नव्हते ते सगळे. पूर्वीसारखं पाणी उकळलं नाही, पण आले. एकमेकांना ढकलत, तोंडं उघडत, पृष्ठभागावर पच् पच् आवाज करत.

“बघा साहेब!” होयबा फोन पुढे करून ओरडला. “तुटून पडलेत! आजही खाताहेत!”

साहेबांचा चेहरा खुलला. ते वळून काठावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, “पाहिलंत? सगळ्यांनी पाहिलंत? मासे आवडीनं खाताहेत. म्हणजे खाद्यात दोष नाही, हे आज पुन्हा...”

“साहेब,” मामा म्हणाला.

त्यानं डबा उलटा केला. काही पडलं नाही. मग त्यानं दोन्ही हात पुढे केले, तळवे उघडे. रेषा, घट्टे, आणि बाकी काही नाही.

“मी अजून काही टाकलंच नाही.”

काठावरची माणसं पाण्याशी आली. पच् पच् अजून चालू होतं.

वाटाणानं मामाच्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं. दोन महिने ती पुरावा शोधत होती. चिरत होती, हुंगत होती, बरणी घेऊन दारं ठोठावत होती. आणि तो रोज सकाळी टण टण वाजत होता.

“हे मी बोलावलं म्हणून आलेत,” मामा म्हणाला. “त्या दिवशीही त्यासाठीच आले होते. तुमच्या खाद्यासाठी नव्हते आले, साहेब. माझ्या शब्दावर आले. आणि मी त्यांना काय घातलं?” त्यानं पाण्याकडे पाहिलं. “रोज हाक मारून, रोज तोंडाशी बोलावून, मी त्यांना काय घातलं?”

“कॅमेरा बंद करा,” साहेब होयबाला म्हणाले.

“चालू ठेव!” वाटाणा म्हणाली. “तेव्हा चालू होता ना? आता हेही घे. नीट घे, उघडे हात दिसू देत.”

कुणाकडे पाहून हलावं ते होयबाच्या मानेला कळेना. फोन तसाच हवेत राहिला.

“मी माझी चूक सांगायला आलो होतो,” मामा म्हणाला. “ती सांगतो. तुमचं ऐकलं, ही माझी चूक. दुसरं काही घातलं तर परवाना जाईल म्हणालात, म्हणून घातलं नाही. मासे डोळ्यांदेखत वाळले तरी घातलं नाही. आता परवाना तसाही नेताय. न्या. पण या पोरीचं नाव त्या पुठ्ठ्यावर लावाल तर मी हा डबा घेऊन प्रत्येक तलावावर जाईन आणि प्रत्येक पिंजऱ्यावर रिकामा वाजवून दाखवीन.”

“हे बघा, मामा, आपण शांतपणे कार्यालयात बसून...” साहेब काठाकडे वळले.

वळले, पण जाणार कुठं? वाट एकच होती, दोन फळ्यांची, आणि तिच्या मधोमध एव्हाना वाटाणा येऊन उभी राहिली होती. बारीक अंगाची बाई. बाजूला सरकली असती तर साहेब आरामात गेले असते. ती सरकली नाही.

“कार्यालयात तुम्ही एकटेच मीटिंगमध्ये असता,” ती म्हणाली. “इथंच बोलू. मी तुम्हाला तुमच्या खोलीत, तुमच्या टेबलासमोर सांगितलं होतं, पूड काढू नका, मासा थुंकेल. तुम्ही बघू म्हणालात. पेंड आंबवायला दिवस लागतात, तेही तुम्ही दिले नाहीत. तुम्ही फलक रंगवलात. आमच्या हातात एक चांगली गोष्ट होती, साहेब. समुद्रातली पिल्लं चक्कीतून वाचली असती. ती तुम्ही एका ओळीसाठी नासवलीत, आणि नासल्यावर बोट दाखवलंत या माणसाकडे, ज्यानं मेलेला मासासुद्धा घमेल्यात आवाज न करता ठेवला.”

त्यांच्या गुळगुळीत बुटांखाली फळी हलत होती आणि साहेबांनी आज पहिल्यांदाच कशाला तरी हात लावला: मामाच्या पिंजऱ्याच्या गंजक्या कठड्याला, तोल जाऊ नये म्हणून.

खाली मासे अजून वर होते. हाक आली होती, म्हणजे काहीतरी मिळणार, एवढंच त्यांना ठाऊक. तोंडं उघडत होते, मिटत होते.

“बघा त्यांच्याकडे,” वाटाणा म्हणाली. “माझ्याकडे नका बघू, घड्याळाकडे नका बघू, त्यांच्याकडे बघा. ते वाट बघतायत. आम्हीपण. काठावरचे सगळेपण. तुम्ही त्या दिवशी टाळ्या वाजवल्यात, जाहीर केलंत, चित्रण केलंत. आता सांगा: काय खात होते ते? काय पाहिलंत तुम्ही? मी या फळीवरून हलणार नाही, साहेब. उत्तर द्या.”